लग्नाची बायको

भाचीच्या बाळंतपणासाठी २०२४ च्या मे महिन्यात मी दुबईला गेले. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सहा दुपटी आणि वेळ मिळाला तर वाचायला म्हणून दोन कादंबऱ्या. कादंबऱ्या तशाच परत आल्या. त्याऐवजी मी तिथे काय केलं, तर रात्री-अपरात्री बाळाला मांडीवर घेऊन एक फिलिपिनो मालिका बघितली. परत आल्यावर घरी हे सांगितलं तर नवऱ्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कारण ‘या मालिकांनी बायकांची डोकी नासवलीत’ हे वाक्य आमच्या घरात गेली वीस वर्षं मीच म्हणत आले आहे.

त्याचं झालं असं. भाची तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स. तिच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तिच्याच वॉर्डातली एक फिलिपिनो नर्स राहते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बुटकीशी, हसली की डोळे मिटतात. मी गेले त्या दिवशी संध्याकाळी ही बाई ‘पान्सित’ नावाच्या शेवयांचं भांडं घेऊन दारात उभी. मला बघून म्हणाली, ‘आते!’ मी चमकलेच. आमच्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण. हिला कोणी सांगितलं? मग भाचीने उलगडा केला, की त्यांच्या टागालोग भाषेत थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. आत्या म्हणा नाहीतर ताई म्हणा, नातं तर जुळलं. शेवयांत कोंबडीचे तुकडे होते. मी ते बाजूला काढून नुसत्या शेवया खाल्ल्या. तिने ते पाहिलं आणि दुसऱ्या खेपेला माझ्यासाठी वेगळ्या, नुसत्या भाज्यांच्या शेवया आणल्या. माणूस कसं आहे हे कळायला मला तेवढं पुरतं.

रात्रपाळी नसली की ती दहाच्या सुमारास यायची. बाळाचा दिवस तेव्हाच सुरू व्हायचा. भाचीला झोपायला पाठवून आम्ही दोघी हॉलमध्ये बसायचो, आणि टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ती मोबाइल लावायची. मालिकेचं नाव ‘द लीगल वाइफ’. भाषा टागालोग, खाली इंग्रजी अक्षरं. तिने ती आधी तीनदा पाहिलेली होती.

‘लीगल वाइफ’ म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, ‘लग्नाची बायको’. हा शब्द एरवी कोणी वापरत नाही. दुसरी कुणी आली, की मगच पहिली ‘लग्नाची’ होते. तोवर ती नुसती बायको असते.

ही मालिका फिलिपिन्समध्ये २०१४ साली जानेवारीपासून जूनपर्यंत चालली. तिकडच्या मालिका आपल्यासारख्या चार-पाच वर्षं रेंगाळत नाहीत, बहुतेक सहा-आठ महिन्यांत आटोपतात. हे मला फार आवडलं. मोनिका आणि एड्रियन हे नवरा-बायको, आणि निकोल ही मोनिकाची जिवाभावाची मैत्रीण. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. मोनिकाचं काम अँजेल लॉक्सिन या नटीने केलं आहे. तिकडे ती आधी ‘डार्ना’ नावाच्या, आकाशात उडणाऱ्या सुपरवुमनच्या भूमिकेमुळे घराघरांत पोचलेली. म्हणजे बघा, आकाशात उडणाऱ्या बाईलाही संसारात उतरवल्यावर नवऱ्याच्या शर्टाचा वास घ्यायची वेळ आली. एड्रियन झालेला जेरिको रोझालेस असा काही कोवळा चेहरा करून उभा राहतो, की त्याचा राग येता येता राहतो. आणि निकोलच्या भूमिकेत माया साल्वादोर. तिचं काम तर इतकं छान, की बघताना आपणच मनातून तिला चार शिव्या देतो.

खरं उघडकीला येतं, मोनिका निकोलला गाठते आणि थप्पड बसते. फिलिपिन्सच्या टीव्हीवर या थपडेला परंपरा आहे. बायको आणि ‘ती’ समोरासमोर येणार म्हटलं, की लोक कामं आटोपून टीव्हीपुढे बसतात. दुसऱ्या एका वाहिनीवर २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘इका-६ ना उतोस’ नावाची दुपारची मालिका अशाच हाणामाऱ्यांवर २०१८ च्या मार्चपर्यंत चालली. नावाचा अर्थ ‘सहावी आज्ञा’. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी कॅथलिक लोक मोजतात ती सहावी, व्यभिचार करू नकोस, ही. आज्ञा पुरुषाने मोडली, आणि झिंज्या मात्र दोन बायकांनी एकमेकींच्या उपटल्या.

पहिल्या रात्री मी हेच बोलले. म्हटलं, ‘अगं, हा बाबा मधे खांबासारखा उभा आहे. त्याला का नाही कोणी दोन लगावत?’ ती खो खो हसली. म्हणाली, ‘आते, तो घर सोडून गेला तर? तिला तर निकोलला घालवायचंय, त्याला नाही.’

तिथे मला पहिल्यांदा वाटलं, की ही बाई मालिका बघत नाहीये, काहीतरी हिशोब मांडते आहे.

त्यांच्या भाषेत दुसऱ्या बाईला ‘काबित’ म्हणतात. मूळ अर्थ जोडलेली, अडकवलेली. तिने तो शब्द मला समजावताना स्वतःच्या किल्लीला लावलेली छोटी प्लास्टिकची माशाची आकृती दाखवली. किल्ली खरी, मासा काबित. मग मी तिला आपला शब्द सांगितला, ‘अंगवस्त्र’. त्याचा अर्थ सांगताना मला लाज वाटली. खांद्यावर टाकायचा कपडा! नको झाला की खुंटीला. ‘ठेवलेली’, ‘बाहेरची’, ‘सवत’ हेही शब्द सांगितले. तिने विचारलं, ‘आणि पुरुषाला काय म्हणता?’ मी बराच वेळ आठवत बसले. ‘बाहेरख्याली.’ त्यात ख्याल आहे, म्हणजे जवळजवळ गाण्याचीच आवड. तिच्याकडेही तसाच शब्द आहे, ‘बाबाएरो’, आणि तो म्हणताना बायकासुद्धा किंचित हसतात म्हणे. या एका बाबतीत दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी.

आता तिची गोष्ट. ती तिने एकदम सांगितली नाही. मालिकेच्या मधे मधे, दूध गरम होईपर्यंत, बाळाचं लंगोट बदलताना तुकड्या-तुकड्यांनी सांगितली.

लग्नाला सतरा वर्षं झाली. बारा वर्षं ती दुबईत. दोन मुलं गावी सासूजवळ. तिच्या पगारातून बांधलेलं घर, त्यात निळ्या रंगाचं फाटक, फोटो दाखवला. त्या घरात गेली सहा वर्षं नवऱ्याबरोबर दुसरी बाई राहते. मुलं तिला ‘तिता’ म्हणतात, म्हणजे मावशी किंवा काकू. ती मुलांचे डबेही करते म्हणे. हिचे पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला पोचतात.

मी सोळा वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते. सवयीप्रमाणे मी लगेच सुरू झाले, ‘मग तू घटस्फोट का घेत नाहीस?’

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, लहान मुलाने काहीतरी विचारल्यावर आपण बघतो तसं. ‘आते, आमच्याकडे घटस्फोट नाही.’

मला वाटलं, मिळायला कठीण असेल. पण नाहीच. तिथल्या मुसलमानांना त्यांच्या १९७७ च्या वेगळ्या कायद्याप्रमाणे तो मिळतो. बाकीच्यांसाठी घटस्फोटाची तरतूदच नाही. व्हॅटिकन सोडलं तर जगात असा हा एकच देश. शंभरातले जवळजवळ ऐंशी लोक कॅथलिक, आणि चर्चचा शब्द मोठा. गंमत म्हणजे अमेरिकनांच्या राजवटीत, १९१७ साली तिथे घटस्फोटाचा कायदा झाला होता. देश स्वतंत्र झाल्यावर १९५० च्या नव्या नागरी कायद्याने तो काढून टाकला. आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. मुंबई प्रांतात १९४७ साली आणि मग १९५५ च्या कायद्याने सगळ्या हिंदू बायकांना ते दार उघडून मिळालं. ज्या सुमाराला आपल्या आज्यांसाठी दार उघडत होतं, त्याच सुमाराला तिच्या आजीचं बंद झालं.

नवरा-बायकोने वेगळं राहायची कोर्टाची परवानगी तिकडे मिळते, पण लग्न तसंच राहतं, दुसरं करता येत नाही. नाहीतर मग लग्न मुळातच रद्दबातल होतं असं सिद्ध करायचं. त्यासाठी १९८७ च्या त्यांच्या कुटुंब कायद्यात एक ३६ वं कलम आहे. लग्न करतानाच जोडीदार मानसिकदृष्ट्या संसाराला असमर्थ होता, असं दाखवायचं. म्हणजे ‘तो वाईट वागला’ म्हणून चालत नाही, ‘तो पहिल्यापासून नवरा व्हायच्या लायकीचाच नव्हता’ असं म्हणावं लागतं. २०२१ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने हे थोडं सैल केलं, मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला हवाच असं नाही, असं सांगितलं. तरी वकील, फेऱ्या आणि वर्षं धरली, तर आपल्या रुपयांत काही लाखांचं काम. ‘माझ्या मुलीचं कॉलेज की माझा कागद,’ ती म्हणाली, ‘दरवर्षी मुलीचं कॉलेज जिंकतं.’

परत आल्यावर आमच्या केंद्राच्या वकीलबाईंबरोबर बसून मी तिकडचे कायदे जरा नीट समजून घेतले. एक गोष्ट वाचून तर आम्ही दोघी गप्पच झालो. फिलिपिन्सचा दंडविधान १९३० चा आहे. त्यात बायकोचा व्यभिचार आणि नवऱ्याचा व्यभिचार हे दोन वेगवेगळे गुन्हे आहेत. बायको परपुरुषाजवळ एकदा गेली तरी गुन्हा पुरा. शिक्षा तिला आणि त्या पुरुषाला, जास्तीत जास्त ६ वर्षं. नवऱ्याचं मात्र नुसतं जाणं मोजत नाहीत. त्याने बाईला राहत्या घरात आणून ठेवलं पाहिजे, किंवा दुसरीकडे तिच्याबरोबर बिऱ्हाड केलं पाहिजे, किंवा चारचौघांत बभ्रा होईल असं वागलं पाहिजे. तेव्हा कुठे गुन्हा. शिक्षा जास्तीत जास्त ४ वर्षं २ महिने. आणि त्या दुसऱ्या बाईला? तुरुंग नाही, हद्दपारी. कोर्ट ठरवून देईल त्या जागेपासून कमीत कमी २५ किलोमीटर लांब राहायचं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, ‘म्हणजे एसटीचे दोन थांबे!’

आपण फार हसायला नको. आपलं ४९७ कलम २७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने रद्द करेपर्यंत होतंच. त्यात नवऱ्याला दुसऱ्या पुरुषावर खटला भरता येत होता, कोणी आपल्या शेतात गुरं घातल्यासारखा. बायकोला मात्र ना नवऱ्याविरुद्ध तक्रार करता येत होती, ना त्या बाईविरुद्ध.

तिच्या घरातच दुसरी राहते, म्हणजे तिच्या बाबतीत गुन्हा अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा होता. २००४ च्या एका नव्या कायद्याखाली नवऱ्याची बाहेरची भानगड हा बायकोचा मानसिक छळही धरता येतो. मी विचारलं, ‘मग तक्रार?’ तिने बोटांवर मोजलं. रजा. विमानाचं तिकीट. वकील. नवरा तुरुंगात गेला तर मुलांना शाळेत ऐकावं लागणार. ती बाई गेली तर डबे कोण करणार. शेवटी म्हणाली, ‘कोर्टात जायला मला सुट्टी लागते आते. इथे नुसतं वायफाय लागतं.’ आणि मोबाइलवर मोनिकाचा पुढचा भाग लावला.

तिच्यासारख्या तिच्या देशातल्या २० लाखांहून अधिक जणी आणि जण परदेशात राबतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका. त्यांच्यासाठी १९९४ पासून खास परदेशात दिसणारी फिलिपिनो वाहिनीही आहे. भाची म्हणते, तिच्या वॉर्डात मध्यरात्री चहाच्या सुट्टीत सगळ्या फिलिपिनो नर्सेस एका मोबाइलभोवती बसतात आणि कोणती ना कोणती लग्नाची बायको कोणत्या ना कोणत्या काबितला हाणत असते. मी हे पूर्वी ऐकलं असतं तर तोंड वाकडं केलं असतं. पण हजारो मैल लांबून, दर महिन्याला पैसे पाठवून, ‘मी बायको आहे’ हे सिद्ध करायची दुसरी कोणती जागा आहे त्यांना? नवऱ्यावर प्रेम असो-नसो, हा एक हक्क तेवढा हातात आहे. तो सोडून देता येत नाही, कारण सोडायचं दारच नाही. म्हणून मग तो राखायचा. थप्पड त्यासाठी.

यावरून मला आमच्या केंद्रातली एक बाई आठवत राहिली. तिचं नाव इथे लिहीत नाही.

२०१० साल असेल. मी केंद्रात नवीन होते, नव्याने झालेला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पाठ केलेला, अंगात जोर होता. ही बाई आली तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत लग्नाचा अल्बम, लग्नपत्रिका आणि रेशनकार्ड. नवरा सरकारी खात्यात ड्रायव्हर. शेजारच्या गावात त्याने दुसरं बिऱ्हाड केलं होतं, दोन लेकरंही झाली होती. आठवड्यातले चार दिवस तिकडे, तीन दिवस इकडे. इकडे आला की जेवण, झोप आणि कधी कधी मार. तिने मला अल्बम उघडून दाखवला. ‘ताई, हे बघा, अक्षता पडल्यात. मंगळसूत्र घालतानाचा फोटो आहे.’

ती मला विचारायला आली होती, की सोडू का याला? माहेरी भाऊ बोलावतोय, शिवणकाम येतं, पोटाला पुरेल.

आणि मी काय सांगितलं? ‘अजिबात हलू नकोस. घर तुझं आहे. तू लग्नाची बायको. उद्या काही झालं तर पेन्शन तुझी, फंड तुझा. तू निघालीस तर ती येऊन बसेल.’ आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं. नवऱ्याला केंद्रात बोलावून दम दिला, मार थांबला. रजिस्टरमध्ये आम्ही ‘तडजोड, संसार टिकला’ असं लिहिलं. वर्षाच्या अहवालात ती केस यशस्वी म्हणून मोजली.

अकरा वर्षं ती त्या घरात राहिली. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला. काही महिन्यांनी ती कागदपत्रांसाठी आली, तीच पिशवी, रेशनकार्ड लॅमिनेट केलेलं. आम्ही सांगितलं तसं सगळं झालं. पेन्शन तिला लागू झाली. फंडाचंही काम झालं. दुसरीच्या मुलांना बापाच्या मिळकतीत हिस्सा मिळतो, तो गेला. पण लग्नाची म्हणून तिचं नाव वर लागलं. सही करून झाल्यावर ती जरा वेळ खुर्चीतच बसून राहिली. मग म्हणाली, ‘ताई, मी पण कुंकू पुसलं, तिनं पण पुसलं. मग आमच्यात फरक काय राहिला?’

मी तिला कुंकू पुसायचं कारण नाही वगैरे बोलले. ते माझं नेहमीचं भाषण आहे, तयार असतं. पण तिला त्याचं उत्तर नको होतं. ती शिवणकाम केव्हाच विसरली होती. बहिणीला बोलावणारा भाऊही आता राहिला नव्हता.

त्या फिलिपिनो बाईला दारच नव्हतं. हिला होतं, आणि ती उंबऱ्यापर्यंत येऊन उभीही होती. दारात पाट टाकून मी बसले होते, वर तिला पेन्शनचा हिशोब सांगत. तेव्हा माझा सल्ला चुकीचा होता असं छातीठोक म्हणायला मी आजही तयार नाही. ती भावाकडे गेली असती तर भावजयीने काय केलं असतं, कोणी सांगावं? पण ती विचारत होती एक, आणि मी उत्तर दिलं दुसरंच. ‘सोडू का?’ याला ‘घर तुझं आहे’ हे उत्तर नव्हे.

आपल्या मालिका या बाबतीत आमच्या केंद्राच्या पुढे निघाल्या, असं म्हणायची वेळ माझ्यावर आली आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, म्हणजे ‘सहावी आज्ञा’च्या चारच महिने आधी, आणि २०२१ पर्यंत चालली. चालली म्हणजे फारच चालली, त्याबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल. गुरुनाथ आणि शनाया यांच्यापायी राधिकानेही सुरुवातीला सगळं तेच केलं, रडणं, पाळत ठेवणं, नवरा परत मिळवायचे बेत. पण मग तिने मसाल्यांचा व्यवसाय उभा केला, घटस्फोट घेतला आणि सौमित्रशी दुसरं लग्न केलं. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीनेही मोठी मुलं असताना तेच केलं. लोक नावं ठेवत ठेवत बघत राहिले. मराठी लेखकाला हवा तेव्हा घटस्फोटाचा भाग लिहिता येतो. फिलिपिनो लेखकाला तो भाग लिहायचा झाला, तर आधी देशाची संसद बदलावी लागेल. ‘डॉक्टर फॉस्टर’ या ब्रिटिश मालिकेवरून कोरियात, तुर्कस्तानात मालिका निघाल्या. आपल्याकडेही कुन्नूरच्या चहामळ्यांत ‘आउट ऑफ लव्ह’ निघाली. २०२२ मध्ये ती गोष्ट फिलिपिन्समधल्या बागियो या थंड हवेच्या गावात पोचली आणि नाव झालं ‘द ब्रोकन मॅरेज व्हाऊ’, मोडलेली लग्नाची शपथ. इतरांच्या नावांत डॉक्टर आहे, प्रेम आहे. इथे शपथ.

मी तिथे असतानाच, २२ मे २०२४ ला, फिलिपिन्सच्या कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं. त्या रात्री ती धावतच आली, मोबाइलवर बातमी. भाचीने फ्रीजमधलं आइस्क्रीम काढलं. मी तर अभिनंदनच करून टाकलं. ती मात्र चमचा चाटत म्हणाली, ‘२०१८ मध्येही एकदा इथपर्यंत आलं होतं, आते. पुढे सिनेट आहे.’ आणि तसंच झालं. सिनेटने ते पुढे नेलंच नाही. २०२५ च्या जूनमध्ये त्या संसदेची मुदत संपली, तशी विधेयकाचीही संपली. भाचीने फोनवर सांगितलं, की ती दोन दिवस गप्प होती आणि तिसऱ्या दिवशी शेवया घेऊन आली.

पण हे नंतरचं. माझ्या परतीच्या आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलं. ‘द लीगल वाइफ’ संपली होती. शेवट सांगत नाही, ज्यांना बघायची आहे त्यांनी बघा. ती म्हणाली, ‘आते, आता तुमच्याकडची एखादी दाखवा.’ मी शोधून राधिकाच्या दुसऱ्या लग्नाचा भाग लावला. खाली इंग्रजी अक्षरं नव्हती, म्हणून मीच सांगत होते, ही मुंडावळी, हा अंतरपाट, आता अक्षता पडतील. बाळ माझ्या खांद्यावर पेंगत होतं.

ती जरा वेळाने म्हणाली, ‘हिचा पहिला नवरा वारला ना?’

‘नाही गं. चांगला धडधाकट आहे.’

‘मग हे स्वप्न आहे?’

‘नाही. खरंच लग्न आहे.’

‘तो मुलाच्या बापाचा हक्क सांगून पोलीस घेऊन येईल आता.’

‘कसले पोलीस? घटस्फोट झालाय त्यांचा. कागद आहे तिच्याकडे.’

ती काही बोलली नाही. पडद्यावर अंतरपाट दूर झाला, राधिकाने मान वर केली, वाजंत्री वाजली. शेवयांचं रिकामं भांडं तिच्या मांडीवर तसंच होतं.

‘आते,’ ती म्हणाली, ‘तो कपडा धरलाय ना मधे, तिथपासून परत लावा ना.’

मी बोटाने मागे नेलं.